घरबसल्या विचारांची गती मोजताना : एमएससाठीच्या एका ऑनलाइन बोधन-चाचणीचे परीक्षण

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंचे आवरण झिजवणारा आजार) असलेल्या व्यक्तीने घरी संगणकासमोर बसून आपल्या बोधनक्षमतेची, म्हणजे स्मरण, एकाग्रता आणि विचारांची गती यांची चाचणी द्यावी का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘द्यावी, मात्र गतीच्या मोजमापापलीकडे तिच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये’ असे आहे. पुण्यातील एका खासगी न्यूरोसायकॉलॉजी (मेंदू आणि वर्तन यांचा संबंध तपासणाऱ्या) केंद्राची ऑनलाइन चाचणी मी वर्षभराच्या अंतराने पुन्हा दिली, आणि त्याआधी तज्ज्ञासमोर बसून कागद-पेन्सिलीने दिलेल्या चाचणीशी ती ताडून पाहिली, त्यावरून हे मत झाले आहे. केंद्राचे नाव देत नाही, कारण पुढे सांगितलेले गुणदोष बरेचसे त्या एका केंद्राचे नसून या प्रकारच्या सेवांचेच आहेत आणि दुसरीकडे कुठे चाचणी देणाऱ्यालाही ते उपयोगी पडावेत.

एमएसमध्ये विचार मंदावतात ही गोष्ट नवी नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात या आजाराचे पहिले व्यवस्थित वर्णन करणारे झाँ-मार्तँ शार्को यांनीच रुग्णांची स्मरणशक्ती क्षीण होते आणि कल्पना सावकाश आकार घेतात, असे नोंदवून ठेवले होते. तरीही न्यूरॉलॉजिस्टच्या खोलीत आजही सगळ्यात बारकाईने पाहिली जाते ती चाल. अमेरिकन न्यूरॉलॉजिस्ट कुर्ट्झके यांनी १९८३ मध्ये सध्याच्या रूपात मांडलेली ईडीएसएस ही एमएसमुळे आलेले अपंगत्व मोजणारी मोजपट्टी सगळीकडे वापरली जाते. तिच्या मधल्या टप्प्यांत रुग्ण आधाराशिवाय किंवा आधाराने किती चालू शकतो यावरच आकडा ठरतो, आणि बोधनक्षमतेला तिथे नावापुरतीच जागा आहे. निरनिराळ्या अभ्यासांत साधारण ४० ते ७० टक्के रुग्णांमध्ये बोधनक्षमतेची काही ना काही घट आढळते, आणि तिच्यात सर्वांत आधी व सर्वाधिक प्रमाणात दिसते ती माहितीवर प्रक्रिया करण्याच्या गतीची घट. मेंदूतील तंतूंवरचे मायलिनचे आवरण जागोजागी झिजले की संदेश पोचतात, पण उशिरा पोचतात. शब्दसंग्रह, सामान्य ज्ञान, तर्काची कुवत हे सहसा शाबूत राहते. त्यामुळे बाहेरच्या माणसाला काही बिघडले आहे असे वाटतच नाही. मी हिशेबनिसाचे काम करते. जीएसटीच्या विवरणपत्रात माझी आकडेमोड चुकत नाही, पण ती पूर्ण व्हायला लागणारा वेळ वाढला आहे, आणि शेजारच्या टेबलावर कोणी बोलत असेल तर तो आणखी वाढतो. एमआरआयचा अहवाल यातले काहीच सांगत नाही.

अमेरिकेतील नॅशनल एमएस सोसायटीच्या पुढाकाराने २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिफारशींत म्हटले आहे की, आजार स्थिर असताना प्रत्येक रुग्णाची एकदा पायाभूत चाचणी व्हावी आणि पुढे दरवर्षी त्याच साधनाने ती पुन्हा घेतली जावी. आपल्याकडे एमएसचा अनुभव असलेले न्यूरोसायकॉलॉजिस्ट मोजक्या शहरांत आहेत. सोलापूर, नांदेड किंवा रत्नागिरीहून दरवर्षी त्यासाठी पुण्या-मुंबईला येणे, तेही थकवा हेच मुख्य लक्षण असलेल्या माणसाने, किती व्यवहार्य आहे हे वेगळे सांगायला नको. ऑनलाइन चाचणीची खरी जमेची बाजू ही आहे, आणि तिचे इतर सगळे दोष मोजताना ती विसरून चालणार नाही.

सेवेची मांडणी साधी आहे. ईमेलवर दुवा येतो, लॅपटॉप किंवा मोठा संगणक लागतो, मोबाइलवर चाचणी उघडत नाही (हा निर्णय योग्यच आहे), आणि सगळे मिळून अर्ध्या तासाच्या आसपास वेळ जातो. चिन्हे व अंक जुळवण्याची चाचणी, शब्दांची यादी लक्षात ठेवणे, चौकटीतील ठिपक्यांच्या जागा आठवणे, खेळण्याच्या पत्त्यांवरची प्रतिक्रिया-चाचणी आणि शेवटी थकवा व मनःस्थितीविषयीच्या प्रश्नावल्या, असा क्रम आहे. प्रत्येक भागाआधी सराव मिळतो आणि तो पुन्हा मागता येतो, हे चांगले आहे.

या सगळ्याचा कणा म्हणजे चिन्हे-अंकांची चाचणी. तिचा मूळ नमुना म्हणजे ॲरन स्मिथ यांची १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेली एसडीएमटी. कागदाच्या माथ्यावर नऊ चिन्हे आणि प्रत्येकाखाली १ ते ९ यांपैकी एक अंक असतो. खाली नुसत्या चिन्हांच्या ओळी असतात आणि ९० सेकंदांत जितक्या चिन्हांचे अंक बरोबर सांगता येतील तितके सांगायचे असतात. एवढीच चाचणी, पण एमएसमधील बोधनिक घट ओळखण्याच्या कामी तिच्या तोडीचे छोटे साधन दुसरे नाही. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी बायकॅम्स नावाचा पंधरा मिनिटांचा संच सुचवला, त्यातही ती पहिली आहे, आणि वेळ पाच मिनिटांचाच असेल तर फक्त तीच घ्यावी अशी त्यांची सूचना आहे. तिच्याआधी वापरात असलेली पासॅट ही चाचणी, ज्यात दर तीन सेकंदांनी कानावर पडणारा अंक आधीच्या अंकात मिळवायचा असतो, रुग्णांना इतकी नकोशी होती की काही जण ती अर्ध्यावर सोडून देत. एसडीएमटी देताना तसा जीव मेटाकुटीला येत नाही.

मात्र कागदावरून पडद्यावर येताना या चाचणीत एक बदल झाला आहे आणि तो किरकोळ नाही. एमएसमध्ये हात थरथरणे, बोटे बधिर असणे, उजवा हात अशक्त होणे हे नेहमीचे आहे. म्हणूनच तज्ज्ञ एसडीएमटी तोंडी घेतात. रुग्ण अंक बोलतो आणि परीक्षक लिहून घेतो, त्यामुळे हाताचा दोष विचारांच्या गतीत मिसळत नाही. शिवाय अंक मराठीत बोलले तरी परीक्षकाला चालते. ऑनलाइन चाचणीत मात्र मला कीबोर्डवरचा अंक दाबावा लागतो, म्हणजे तोंडी चाचणीने बाजूला काढलेला हात पुन्हा मोजणीत येतो. माझ्या उजव्या हाताची दोन बोटे पहिल्या रिलॅप्सपासून, म्हणजे आजार पहिल्यांदा अचानक उफाळला तेव्हापासून, पूर्ण सुधारलेली नाहीत. तोंडी चाचणीतला माझा निकाल माझ्या वयाच्या सरासरीच्या जवळ होता आणि ऑनलाइन निकाल तिच्यापेक्षा बराच खाली आला, यातला किती वाटा मेंदूचा आणि किती बोटांचा, हे अहवालातून कळायला मार्ग नाही. आधी केवळ अंक दाबण्याची छोटी चाचणी घेऊन बोटांचा वेग वेगळा नोंदवला असता, तर हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला असता. असा भाग असणाऱ्या चाचण्या अस्तित्वात आहेत. ज्यांना हाताचा त्रास आहे त्यांनी सेवा निवडताना आधी हेच विचारावे.

डोळ्यांचेही तसेच आहे. ऑप्टिक न्यूरायटिस (डोळ्याच्या मज्जातंतूचा दाह) होऊन गेलेल्या माणसाची दृष्टी तक्त्यावर सहा बाय सहा भरली तरी फिकट रंगातले फरक त्याला नीट दिसत नाहीत. या चाचणीत चिन्हे राखाडी पार्श्वभूमीवर गडद करड्या रंगात होती. डिझाइनरला ती शोभिवंत वाटली असतील, पण हा आजार ज्याला माहीत आहे त्याने असा रंग निवडला नसता. वर्षभरानंतर ती काळ्यावर पांढरी झाली होती. सुधारणा स्वागतार्ह आहे, फक्त तिच्यामुळे माझे दोन निकाल एकमेकांशी ताडायचे कसे, हा नवा प्रश्न उभा राहिला आणि अहवालात या बदलाचा उल्लेखही नव्हता.

पडद्याचा एक फायदा मात्र निर्विवाद आहे. कागदावरच्या तक्त्यातली चिन्हांची जोडी ठरलेली असते. ती वारंवार पाहिली की पाठ होऊ लागते आणि सरावाने वाढलेले गुण सुधारणा म्हणून खपतात. संगणकाला दर वेळी नवी जोडी मांडता येते. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये स्टीफन राव आणि सहकाऱ्यांनी एसडीएमटीच्या धर्तीवर आयपॅडसाठी तयार केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीनंतर हा मार्ग रुळला, आणि रुग्ण ती परीक्षकाविना एकटा देऊ शकतो हेही त्यातून दिसून आले. माझ्या चाचणीतही जोडी बदलत होती. दरवर्षी मोजायचे असेल तर ही सोय महत्त्वाची आहे.

शब्दांच्या यादीबद्दल मात्र माझे मत कडक आहे. सोळा इंग्रजी शब्द पडद्यावर एकेक करून दिसतात आणि मग आठवतील तेवढे टाइप करायचे असतात. मराठी माध्यमात शिकलेल्या आणि घरी-दारी मराठीत व्यवहार करणाऱ्या माणसाची स्मरणशक्ती परक्या भाषेच्या यादीने मोजणे मुळातच चुकीचे आहे, कारण अशा याद्यांत शब्द गटागटाने लक्षात राहावेत अशी योजना असते. भाजी, फर्निचर, वाहने अशा गटांत शब्द आपोआप जाऊन बसणे हीच तर स्मरणाची युक्ती असते, आणि ज्या भाषेत आपण मंडईत भाव विचारतो तिच्यातच ते आपोआप घडते. बायकॅम्सच्या शिफारशीतही हे गृहीत धरलेले आहे. दुसऱ्या भाषेत नेताना शब्दयादी नव्याने बांधून त्या भाषेच्या निरोगी लोकांवर आधी तपासावी लागते. त्यात टाइप करण्याची अट! स्पेलिंगची एखादी चूक प्रणालीने माफ केली की गुण कापले, हेही अहवालात कळत नाही. केंद्राने हा भाग मराठीत करून मिळेपर्यंत गाळावा, असे मी त्यांना कळवले आहे. याउलट ठिपक्यांच्या जागा आठवण्याचा भाग भाषेवर अवलंबून नाही आणि मला तो स्वच्छ, प्रामाणिक वाटला.

पत्त्यांच्या चाचणीत पत्ता उलटला की कळ दाबायची, नंतर तो लाल आहे का ते सांगायचे, नंतर आधीच्या पत्त्यासारखाच आहे का ते सांगायचे. ही सोपी आहे आणि कंटाळवाणीही. तिच्यात मिलिसेकंदांचा हिशेब असतो, पण बिनतारी कीबोर्ड, ब्राउझर आणि पडदा मिळून त्यात सहज काही दशक मिलिसेकंदांची भर घालतात. म्हणून दर वेळी तोच लॅपटॉप, तोच कीबोर्ड वापरावा. ही सूचना केंद्राने द्यायला हवी होती, ती त्यांच्या पत्रकात नाही.

पत्रकात आणखी एक गोष्ट नाही आणि तिचे मला जास्त आश्चर्य वाटते. शरीराचे तापमान थोडे जरी वाढले तरी एमएसची लक्षणे तात्पुरती बळावतात, कारण आवरण झिजलेल्या तंतूंमधून संदेश जाणे उष्णतेत आणखी अवघड होते. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उहथॉफ यांनी १८९० मध्ये हे नोंदवले आणि त्यांच्याच नावाने ते ओळखले जाते. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी पंख्याखाली बसून दिलेली चाचणी आणि डिसेंबरच्या सकाळी दिलेली चाचणी यांची तुलना करून ‘घट झाली’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. पत्रकात शांत जागा आणि चांगले इंटरनेट यांचा उल्लेख आहे. वेळ, तापमान, आदल्या रात्रीची झोप, ताप, लघवीचा संसर्ग, नुकताच घेतलेला स्टेरॉइडचा कोर्स यांपैकी कशाचीही चौकशी नाही. समोर बसलेला तज्ज्ञ हे सगळे पहिल्या दोन मिनिटांत विचारतो, आणि गरज वाटली तर चाचणी पुढे ढकलतो. घरच्या चाचणीत ही चौकशी आपली आपणच करावी लागते. मी सकाळी नाश्त्यानंतर, थंड खोलीत, फोन बंद करून बसते आणि ताप असेल तर त्या आठवड्यात चाचणी देत नाही.

प्रश्नावल्यांचा भाग अपेक्षेपेक्षा चांगला निघाला. थकव्यासाठी एमएफआयएस ही एकवीस प्रश्नांची यादी आहे आणि मनःस्थितीसाठी वेगळी. नैराश्य एमएसमध्ये फार आढळते, आणि नैराश्य किंवा थकवा यांमुळेही विसरायला होते, त्यामुळे गुणांच्या शेजारी हे दोन्ही असणे आवश्यक आहे. सगळ्यात उपयुक्त वाटली ती एमएसएनक्यू ही पंधरा प्रश्नांची यादी, जी रुग्णाने भरायची आणि जवळच्या माणसानेही स्वतंत्रपणे भरायची असते. या यादीच्या अभ्यासांत असे दिसले आहे की रुग्णाने स्वतः केलेली तक्रार त्याच्या चाचणीतल्या कामगिरीपेक्षा त्याच्या नैराश्याशी अधिक जुळते, तर जवळच्या माणसाचे निरीक्षण कामगिरीशी अधिक जुळते. माझे पती तासाभराने ती भरून घेऊन आले तेव्हा आमच्या उत्तरांत पुष्कळ फरक होता. संभाषणाचा धागा मी सोडते असे मला वाटत होते. त्यांच्या मते तो मी सोडत नाही, पण उत्तर द्यायला वेळ घेते. चाचणीचे आकडे त्यांच्या बाजूने बोलत होते.

आता अहवालाविषयी. पहिल्याच पानावर हिरव्या-पिवळ्या-लाल पट्टीवर एक एकत्रित आकडा दिलेला असतो, आणि तो सगळ्यात निरुपयोगी आहे. स्मरणात उत्तम आणि गतीत मागे असलेला माणूस व याच्या उलट असलेला माणूस या दोघांना तोच आकडा मिळू शकतो, पण त्यांच्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय सर्वस्वी वेगळे आहेत. त्याखाली प्रत्येक चाचणीचे पर्सेंटाइल आहेत, परंतु ते कोणत्या लोकसमूहाच्या तुलनेत काढले हे तळटिपेत ‘आंतरराष्ट्रीय नमुना’ एवढ्यावर भागवले आहे. शिक्षण, वाचनाची सवय आणि बौद्धिक कामाचा अनुभव यांमुळे मेंदूत जो राखीव साठा तयार होतो तो या चाचण्यांच्या गुणांवर ठळक परिणाम करतो. त्यामुळे दहावी शिकलेल्या गृहिणीला आणि प्राध्यापकाला एकाच फूटपट्टीने मोजले तर पहिलीला नसलेली घट चिकटते आणि दुसऱ्याची असलेली घट झाकली जाते.

दुसऱ्या वर्षीच्या अहवालातली चूक त्याहून गंभीर होती. एसडीएमटीत ४ गुणांची घट अर्थपूर्ण मानावी असा सर्वमान्य संकेत आहे. तो ९० सेकंदांच्या मूळ चाचणीसाठी आहे. केंद्राची ऑनलाइन चाचणी वेगळ्या कालावधीची आहे, उत्तर देण्याची रीत वेगळी आहे, आणि तरी तोच ४ गुणांचा नियम तसाच उचलून ‘लक्षणीय घट’ असा शेरा मारला होता. हा शेरा वाचून एखाद्याने रात्रभर झोप घेतली नाही तर नवल नाही. रिलॅप्स कधी कधी हाता-पायांत काही न दिसता केवळ विचारांच्या गतीत उतरतो हे खरे आहे, त्यामुळे खरी घट दिसली तर न्यूरॉलॉजिस्टला लगेच सांगायलाच हवे. पण ती खरी आहे हे ठरवण्यासाठी तज्ज्ञाने तोंडी चाचणी घेऊन पाहणे हाच मार्ग आहे. माझ्याबाबत तोंडी चाचणीत घट आढळली नाही. केंद्रातील तज्ज्ञांशी फोनवर बोलता आले आणि त्यांनी शेरा बदलून दिला, ही त्यांच्या बाजूची नोंद.

अहवालाच्या शेवटच्या पानावर ‘मेंदू-प्रशिक्षणा’च्या सशुल्क वर्गणीची जाहिरात आहे. तिच्या मागे अजिबात आधार नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल: २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत १३५ रुग्णांपैकी ज्यांनी बारा आठवडे घरी संगणकीय बोधनिक सराव केला त्यांचे गुण साधे संगणकीय खेळ खेळणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारले होते. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, प्रोग्रेसिव्ह (हळूहळू वाढत जाणाऱ्या) एमएसच्या ३११ रुग्णांवरील कॉगएक्स या अभ्यासात बोधनिक सराव आणि व्यायाम एकत्र देऊनही गतीच्या बाबतीत इतरांपेक्षा वेगळा लाभ दिसला नाही. ज्या संस्थेने चाचणी घेतली तिनेच त्याच कागदावर उपचार विकावा, ही गोष्ट मला पटत नाही. माझ्या कामाच्या ठिकाणी दार बंद करता येईल अशी खोली मागून घेतल्याचा उपयोग कोणत्याही वर्गणीपेक्षा अधिक झाला.

ती खोली मागताना हा अहवाल मी दाखवला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचा स्पष्ट समावेश आहे आणि कामाच्या जागी वाजवी सोय मागण्यासाठी न्यूरॉलॉजिस्टचे पत्र पुरेसे ठरले. लाल पट्टीवरचा आकडा एकदा मनुष्यबळ विभागाच्या फायलीत गेला की तो बढतीच्या वेळी कोण कसा वाचेल हे आपल्या हातात राहत नाही. माहिती कुठे साठवली जाते आणि किती काळ, हे संमतिपत्रात वाचून घ्यावे. या केंद्राच्या संमतिपत्रात संशोधनासाठीची संमती आणि चाचणीसाठीची संमती एकाच खुणेत बांधलेली होती, ती वेगळी करून मागितल्यावर मिळाली.

निदान नुकतेच झालेल्या आणि आजार स्थिर असलेल्या रुग्णाने पायाभूत नोंद म्हणून ही चाचणी जरूर द्यावी. ज्यांचा हात किंवा डोळा बराच बाधित आहे त्यांनी पैसे वाचवून तोंडी चाचणीच द्यावी. अहवाल हाती आला की एकत्रित आकडा बाजूला ठेवून प्रत्येक भागाचे मूळ गुण, चाचणीची आवृत्ती आणि चाचणी कोणत्या संगणकावर दिली याची नोंद लेखी मागून घ्यावी. केंद्र ती आपणहून देत नाही, पण मागितल्यावर नाकारतही नाही.